‘टेक’ या क्रियापदाचा धडा

इंग्रजीतील ‘टेक’ हे क्रियापद औषध, बस, छायाचित्र, टिपणे, परीक्षा अशा अनेक नामांबरोबर येते. चिनी विद्यार्थी त्याची सांगड आपल्या भाषेतील ‘ना’ या क्रियापदाशी घालतो. ‘ना’ म्हणजे हातात घेणे. येथेच अडचण सुरू होते. चिनी भाषेत औषध ‘खातात’, बसने जाण्यासाठी ‘बसणे’ हे क्रियापद योजतात, तर छायाचित्राबरोबर येणारे क्रियापद टाळी वाजवण्यासाठीही वापरले जाते. परिणामी तो ‘ईट मेडिसिन’ असे लिहितो आणि त्याचे गुण कापले जातात.

ही चूक आहे, यात शंका नाही. परंतु तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. हिंदी भाषकही दवा ‘खातो’. विद्यार्थी येथे नियम मोडत नसून आपल्या मातृभाषेचा नियम परभाषेत पाळत असतो.

यावर काही जण असा उपाय सुचवतात, की क्रियापदाचा एक मूलार्थ शिकवावा. बाकीचे अर्थ त्यातून आपोआप उलगडतील. हा उपाय अपुरा आहे. स्नानाबद्दल बोलताना अमेरिकी माणूस बहुधा ‘टेक’ म्हणतो, तर ब्रिटिश माणूस ‘हॅव’. क्रिया एकच, भाषाही एकच. तरी क्रियापदे दोन. येथे मूलार्थापेक्षा रूढी प्रबळ ठरते.

परीक्षेचे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’, चिनी भाषेत तो परीक्षेत ‘भाग घेतो’ आणि मराठीत तो परीक्षा ‘देतो’. मराठीत परीक्षा घेतात ते शिक्षक. केवळ प्रतिशब्द पाठ करणाऱ्याला हा भेद कसा उमगावा?

म्हणून क्रियापद एकटे शिकवू नये. ज्या नामांशी त्याची जोडी रूढ आहे, त्या नामांसह शिकवावे. वहीत ‘टेक म्हणजे घेणे’ असे टिपण्याऐवजी औषध, बस, परीक्षा यांसह पूर्ण वाक्ये लिहावीत व त्यांच्यासमोर मातृभाषेतील वाक्ये मांडावीत. यास वेळ अधिक लागतो, हे खरे. परंतु प्रौढ विद्यार्थ्याला कारण कळले की पाठांतराचा भार हलका होतो.

मराठीच्या अभ्यासकांनाही हा विचार उपयोगी आहे. उद्या एखादा अमराठी विद्यार्थी ‘मी काल परीक्षा घेतली’ असे म्हणाला, तर हसण्यापूर्वी त्या वाक्यामागे कोणत्या भाषेचा नियम आहे, याचा शोध घ्यावा. त्याला शिकवण्याची सुरुवात तेथूनच करता येईल.