नावं पडू लागतात तेव्हा

पिक्चर लॉक होतं, पार्श्वसंगीत बसतं, प्रदर्शनाची तारीख तोंडावर येते आणि तेव्हा कुठे कुणाला तरी आठवतं, की श्रेयनामावली राहिली आहे. नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, हाताशी असेल तो फाँट लागतो आणि गावाच्या ड्रोन-दृश्यांवर अक्षरं एकेक करून उगवू लागतात. मराठी चित्रपटात हे इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही बिघडतं आहे, असंही आपल्याला वाटत नाही. बिघडतं, आणि बरंच बिघडतं.

एके काळी अमेरिकेतही नावं ही पडदा उघडेपर्यंतची भर होती. १९५५ मध्ये ऑटो प्रेमिंजरच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी ग्राफिक डिझायनर सॉल बासने काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या आणि शेवटी त्यांतून व्यसनी माणसाचा वेडावाकडा हात उतरवला. त्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्शनिस्टसाठी सूचना होती, नावांच्या आधी पडदा उघडा. म्हणजे चित्रपट इथूनच सुरू होतो, हे दिग्दर्शकाने मानलेलं होतं.

बासचं १९५९ मधलं काम मात्र आपण फ्रेम थांबवून थांबवून पाहावं असं आहे. हिचकॉकचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’. हिरव्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेषा धावत येतात, त्यांना उभ्या रेषा छेदतात, जाळी तयार होते. त्या जाळीच्या कलाने नावं वर-खाली सरकतात. मग ती जाळीच न्यूयॉर्कमधल्या काचेच्या इमारतीची दर्शनी भिंत होते आणि काचांत खालची वाहतूक दिसू लागते. तिथून कॅमेरा रस्त्यावरच्या गर्दीत. दिग्दर्शकाचं नाव येतं आणि खुद्द हिचकॉकच्या तोंडावर बसचं दार बंद होतं. चौकटीत अडकून इकडून तिकडे ढकलला जाणारा नायक अजून दिसलेलाही नाही, पण त्याचं जग मांडून झालं आहे. शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही. ती इमारत कुठून आणि कोणत्या कोनातून टिपायची, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

आता आपल्या लिपीकडे या. हिचकॉकच्याच ‘सायको’त बासने नावं आडवी कापून त्यांचे तुकडे बाजूला सरकवले. रोमन अक्षर तेवढं सोसतं. देवनागरीत तोच काप घेतला तर वेलांटी, रफार, अनुस्वार वरच्या पट्टीत जातात, उकार खालच्या पट्टीत, आणि पट्टी जराशी सरकली की एकाची मात्रा दुसऱ्याच्या डोक्यावर. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. एकेक अक्षर आणणारा तयार इफेक्ट लावला की पहिली वेलांटी आणि तिचं व्यंजन वेगवेगळे उतरतात, जोडाक्षराचे तुकडे पडतात. हे दोष आज चित्रपटगृहात सर्रास दिसतात आणि ज्याचं नाव मोडतं, तो बिचारा गप्प बसतो.

शिरोरेषेला अडचण समजणं ही आपली चूक आहे. बासला रेषा बाहेरून आणाव्या लागल्या, आपल्याकडे ती नावातच आहे. ती आधी ओढून अक्षरं मागाहून तिच्याखाली भरता येतात. दृश्यातल्या विजेच्या तारेत, शेताच्या बांधात, खिडकीच्या चौकटीत ती मिसळता येते. बंगाली लिपीलाही अशीच वरची रेघ आहे. बासचा तो हात पडद्यावर आला, त्याच १९५५ साली सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ची नावं खरखरीत कागदावर हाताने लिहिली, आणि त्या हस्ताक्षरातूनच आपण त्यातल्या छोट्या अपूच्या घरात शिरतो. जाहिरात संस्थेत काम केलेल्या माणसाचा तो हात होता. आपल्याकडे अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकाच्या जाहिरातीतल्या नावालाच नाटकाचा स्वभाव दिला. ही परंपरा असताना आपण तयार टेम्प्लेटवर का थांबावं?

‘हल्ली लोक स्किप करतात’ असं निर्माते सांगतात. ते बटण मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर आहे, चित्रपटगृहात नाही. शिवाय नावं पाहण्याजोगी असतील, तर बोट बटणापर्यंत जाईलच असं नाही.

म्हणून संकलक, दिग्दर्शक आणि मोशन डिझायनर मित्रांना आग्रहाची विनंती आहे. नामावलीचा विचार पटकथेच्या बैठकीत आणा. तिच्यासाठी लागणारे शॉट चित्रीकरणाच्या वेळापत्रकात लिहा. अक्षररचनाकाराला करारात जागा आणि वेगळं मानधन द्या. आणि नावांची यादी युनिकोडमध्ये, ज्याचं नाव त्याच्याकडून ऱ्हस्व-दीर्घासकट तपासून घेऊन, पिक्चर लॉक होण्याच्या आधी अक्षररचनाकाराच्या हाती द्या.