"समजलं का?" "हो मॅडम!" : परदेशी भाषेत माणूस अडतो कुठे?



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं. तेव्हापासून इथे विक्रोळीत, कन्नमवारनगर असो की पार्कसाइट, पालकांचा प्रश्न ठरलेला आहे, "मॅडम, बाहेर जायचं तर इंग्लिश मीडियमच बरं ना?"

माझं मत वेगळं आहे. जर्मनीतलं रोजचं काम जर्मनमध्येच चालतं. नवीन घरात राहायला गेलं की साधारण दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. कागद, पॅकिंग, ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा असतो, चुकलं तर शेजारी येऊन सांगतात. पोटात कुठे, कसं, कधीपासून दुखतंय हे डॉक्टरला नेमकं सांगावं लागतं. त्यातच त्या राज्यातल्या बऱ्याच भागात श्वेबिश बोली बोलतात. पुस्तकातली मराठी शिकलेल्याला मालवणी ऐकून जसं होईल, तसंच क्लासमधली जर्मन शिकून गेलेल्याचं तिथल्या बेकरीत होतं.

अशा वेळी माणूस काय करतो? न समजताच मान हलवतो. दुकानात हे खपून जाईल. पण वॉर्डमध्ये औषधाचं प्रमाण नीट न कळताच मान हलवणारी परिचारिका कोणाला परवडेल? खरा धोका चुकीच्या व्याकरणात नाही, या खोट्या होकारात आहे.

आणि ही सवय लागते कुठे? आपल्याच वर्गात. "समजलं का?" म्हटलं की चाळीस मुलं एका सुरात "हो मॅडम!" म्हणतात. "नाही समजलं" म्हणणाऱ्याकडे सगळा वर्ग वळून बघतो. जे वाक्य मूल मायबोलीत म्हणायला घाबरतं, ते परक्या भाषेत कसं म्हणणार? पुस्तकातले धडे उरकून हे धैर्य येत नाही, माध्यम कोणतंही असो.

उलट मराठी पक्की असेल तर जर्मन शिकताना हाताशी बरंच काही असतं. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन. शब्दांची लिंगं जुळतीलच असं नाही, पण कल्पना नवी नसते. आपण पंचवीसमध्ये आधी पाच म्हणतो, मग वीस. तेही तसंच म्हणतात. तू आणि तुम्ही हा भेद तिथेही आहे. 'हाल्ब द्राय' म्हणजे शब्दशः 'अर्धा तीन', अर्थात अडीच वाजले. आपला 'अडीच' शब्दही 'अर्धतृतीय' यावरूनच आला आहे. इंग्रजीच्या सवयीने 'हाफ थ्री' समजून साडेतीनला पोचलात, तर डॉक्टरची वेळ गेलीच म्हणून समजा.

मग शाळेत काय करावं? आठवड्यातून पंधरा मिनिटं काढा. मेडिकल दुकान, बँकेची स्लिप, ११२ वर फोन करून पत्ता सांगणं, चुकलेली बस विचारणं, असे प्रसंग मुलांकडून करून घ्या. नियम एकच : समोरच्याला किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरायचं नाही. "पुन्हा सांगाल का?", "हळू बोलाल का?", "म्हणजे असंच ना?" ही तीन वाक्यं फळ्यावर कायम राहू द्या. "वेळ कुठे आहे?" असं कोणी म्हणेल. आकारिक मूल्यमापनात तोंडीकाम आहेच की, ते यातूनच करा.

आणखी एक. ज्या मुलांच्या घरात भोजपुरी किंवा तेलुगू बोलतात, ती आपल्या वर्गात रोज हेच 'परदेश' जगतात. ती गप्प बसतात म्हणून त्यांना कच्ची ठरवू नका. हावभाव करून, खुणा करून, मोडकंतोडकं बोलून ती काम कसं भागवतात ते बाकीच्या मुलांना बघू द्या.

पालकहो, माध्यम निवडताना शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते जरूर बघा. पण त्याआधी एक चौकशी करा : या वर्गात "मला समजलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळतं? तुमचं मूल उद्या श्टुटगार्टला गेलं काय किंवा विक्रोळीतच राहिलं काय, त्याला हेच उपयोगी पडणार आहे.