करसवलत कायद्यात, दिलासा आश्वासनात

आज विशीत असलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना २००८ सालचे अमेरिकेतले बेलआउट आठवण्याचे कारण नाही. तरीही आम्ही त्याची गोष्ट पुन्हा सांगतो आहोत. राजकीय तडजोडीत कुणाच्या पदरात काय पडते, हे तिथे अवघ्या दोन आठवड्यांत उघड्यावर दिसले होते.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बडी वित्तसंस्था कोसळली. पाचव्या दिवशी अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी संसदेकडे ७०० अब्ज डॉलर मागितले. बँकांकडची बुडीत गृहकर्जे सरकारने विकत घ्यावीत, अशी ती योजना होती. मसुदा जेमतेम तीन पानांचा होता. अर्थमंत्र्यांच्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे एक कलमही त्यात होते.

संसदेने ते कलम काढले, देखरेखीच्या अटी घातल्या. तरी २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहात विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी पडले. विरोध दोन्ही टोकांकडून आला होता. सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणारे रिपब्लिकन त्यात होते. बँका वाचतील, पण घर गमावणाऱ्यांचे काय, असे विचारणारे डेमोक्रॅटही होते. त्याच दिवशी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी आपटला आणि सगळेच घाबरले.

इथून खरी तडजोड सुरू झाली. अमेरिकेत महसुलाविषयीचे विधेयक प्रतिनिधीगृहातूनच सुरू व्हावे लागते. म्हणून सिनेटने त्या सभागृहात आधीच मंजूर झालेले एक विधेयक उचलले. ते होते मानसिक आजारांना विम्यात समान वागणूक देण्याविषयीचे. त्याच्या पोटात अख्खे बेलआउट घातले आणि वर सुमारे १५० अब्ज डॉलरच्या करसवलती रचल्या. दोन कोटींहून अधिक मध्यम व उच्च-मध्यमवर्गीय करदात्यांची 'पर्यायी किमान करा'तून सुटका झाली. सौर आणि पवनऊर्जेला सवलत मिळाली. सोबत मोटारशर्यतींच्या ट्रॅकना, पोर्टो रिको आणि व्हर्जिन बेटांवरच्या रमला, चित्रपटनिर्मात्यांना आणि लहान मुलांचे लाकडी बाण बनवणाऱ्यांनाही! तीन पानांचा मसुदा साडेचारशे पानांवर गेला.

सिनेटने १ ऑक्टोबरला तो ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केला. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहात २६३ मते पडली, म्हणजे चार दिवसांत ५८ मते वाढली. अध्यक्ष बुश यांनी त्याच दिवशी सही केली.

सगळी मते करसवलतींमुळेच फिरली असे आम्ही म्हणणार नाही. कोसळलेल्या बाजाराची भीती होती, बँकठेवींवरची विमामर्यादा एक लाख डॉलरवरून अडीच लाखांवर नेल्याचा परिणामही होता. तडजोडीतून काही चांगलेही झाले. मानसिक आरोग्याचा तो कायदा आजही लोकांच्या कामी येतो. बँकांना दिलेला पैसाही बहुतांशी व्याजासह परत आला. म्हणून तडजोड झाली हा आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: ज्यांची घरे जात होती, त्यांच्यासाठी त्या साडेचारशे पानांत काय लिहिले होते?

या कायद्यातली क्रियापदे वाचावीत. करसवलतीच्या कलमांत दर आहेत, तारखा आहेत, रकमा आहेत. त्या मिळवायला कुणाच्या मर्जीची गरज नाही. घरमालकांच्या कलमात मात्र अर्थमंत्र्यांनी कर्जवसुली सांभाळणाऱ्या कंपन्यांना कर्ज सोपे करण्यासाठी 'प्रोत्साहन' द्यावे, असे म्हटले आहे. एकाला हक्क मिळाला, दुसऱ्याला प्रोत्साहन.

घरमालकांना कायद्याने मिळू शकणारी एक ठोस गोष्ट होती. दिवाळखोरीच्या न्यायालयाला राहत्या घरावरचे कर्ज घराच्या बाजारभावाइतके कमी करण्याचा अधिकार द्यावा, ही ती मागणी. सुट्टीसाठी घेतलेल्या दुसऱ्या घराच्या कर्जाला ही सोय होती, राहत्या घराला नव्हती. बँकांचा विरोध होता आणि मागणी बाहेर राहिली. पहिल्यांदा विरोधात मत देणारे नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांच्यासह अनेक कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी दुसऱ्यांदा बाजूने मत दिले. निवडून आल्यावर दिवाळखोरी कायदा बदलू, असे आश्वासन ओबामांकडून मिळाल्याचे मत बदलणाऱ्यांपैकी काहींनी सांगितले. ३० एप्रिल २००९ रोजी तो बदल सिनेटपुढे आला आणि ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडला. तेव्हा ओबामा अध्यक्ष होते आणि दोन्ही सभागृहांत त्यांच्या पक्षाचे बहुमत होते. पण बँकांची गरज भागली होती, त्यामुळे बदल्यात मागायला कुणाच्या हातात काही उरले नव्हते.

त्याऐवजी आलेल्या योजनेतून ३० ते ४० लाख कुटुंबांना मदत करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. पहिल्या दोन वर्षांत कायमस्वरूपी दिलासा मिळालेली कुटुंबे दहा लाखही भरली नाहीत.

मार कुणाला बसला, हे पुढे सरकारी कागदांतच आले. कंट्रीवाइड या कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांना गोऱ्यांपेक्षा महागडी कर्जे दिल्याचा आरोप न्याय खात्याने ठेवला. २०११ मध्ये ते प्रकरण ३३.५ कोटी डॉलरवर मिटले. वेल्स फार्गोचे तशाच स्वरूपाचे प्रकरण २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलरवर मिटले. पिढ्यान्‌पिढ्या कर्ज नाकारले गेलेल्या समाजाला कर्ज मिळाले तेव्हा ते महाग मिळाले, आणि संकट आल्यावर दिलाशाच्या रांगेत तोच मागे राहिला. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना आमच्या हातात शासन निर्णय येतात, तेव्हा आम्हाला हीच क्रियापदे दिसतात. 'प्रयत्न करण्यात येतील', 'निधीच्या उपलब्धतेनुसार', 'शक्यतो'. अनुसूचित जातींसाठीच्या निधीचेही तेच. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवण्याचे धोरण जुने आहे, पण धोरण मोडले तर दाद मागणे कठीण जाते. म्हणूनच आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा, ही मागणी चळवळ वर्षानुवर्षे करत आली आहे. नुसत्या कायद्याने सगळे सुटत नाही, पण जाब विचारायला हातात काहीतरी असते.

तेव्हा पुढचे पॅकेज, पुढचा अर्थसंकल्प किंवा पुढचा जाहीरनामा आला की एकूण आकड्याने दिपून जाऊ नका. कागद उघडा आणि दोन रकाने करा. कुणासाठी दर, तारीख आणि रक्कम लिहिली आहे, आणि कुणासाठी 'प्रयत्न' लिहिला आहे? आपले प्रतिनिधी मत देणार असतील तर हा हिशेब मतदानाआधी मागा. मत दिल्यानंतर मागायला हातात काही उरत नाही.