आत्मा ही शिक्षा होती : ‘एंजल’ मालिका आणि उद्धारवादी समीक्षेची सोय

हिंसक भूतकाळ असलेल्या नायकाच्या उद्धाराची कथा समीक्षकांना नेहमीच सोयीची वाटत आली आहे. तिला आरंभ, संक्रमण आणि परिणती असते. तिच्यातील नैतिक प्रश्न नायकाच्या अंतरंगात उद्भवतो आणि तेथेच मिटवता येतो. जॉस व्हीडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट यांनी निर्माण केलेली ‘एंजल’ ही अमेरिकन मालिका ५ ऑक्टोबर १९९९ ते १९ मे २००४ या काळात डब्ल्यूबी वाहिनीवरून पाच पर्वांत आणि ११० भागांत प्रक्षेपित झाली. तिच्याविषयीचे विवेचनही बव्हंशी याच वाटेने गेले आहे. पापी नायक, पश्चात्ताप, परोपकार आणि शेवटी आत्मबलिदान असा आलेख काढावयाचा व त्याला उद्धाराची कथा म्हणून मान्यता द्यावयाची, अशी ही रीत आहे. या रीतीमागील गृहीत तपासले असता ते टिकत नाही. शिवाय मालिकेने उपस्थित केलेला सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

कथासूत्र थोडक्यात असे. १७२७ साली आयर्लंडमधील गॉलवे येथे जन्मलेला लियम हा तरुण १७५३ साली डार्ला नावाच्या रक्तपिशाच स्त्रीकडून रक्तपिशाच बनतो आणि पहिल्याप्रथम आपल्याच कुटुंबाचा संहार करतो. ‘एंजेलस’ या नावाने तो सुमारे दीड शतक युरोपभर हिंसा करतो, आणि त्या हिंसेत भुकेपेक्षा छळाच्या आनंदाचा वाटा मोठा असतो. १८९८ साली तो एका रोमानी टोळीतील मुलीला मारतो. तिची टोळी त्याला शाप देते व त्या शापाने त्याचा मानवी आत्मा त्याच्याकडे परत येतो. परिपूर्ण सुखाचा एक क्षण अनुभवास आला तर मात्र हा आत्मा पुन्हा नाहीसा होईल, अशी त्या शापाची अट आहे. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या आधीच्या मालिकेत १९९८ साली नेमके हेच घडते आणि एंजेलस पुन्हा हत्या करू लागतो. पुढे आत्मा परत मिळालेला एंजल लॉस एंजेलिस येथे संकटग्रस्तांना साहाय्य करण्याचे कार्य आरंभतो. तेथून ‘एंजल’ मालिका सुरू होते.

उद्धारवादी समीक्षेचा पहिला आधार म्हणजे हा आत्मा. एंजेलसला आत्मा नव्हता, एंजलला तो आहे. म्हणून हत्या करणारा वेगळा आणि पश्चात्ताप करणारा वेगळा, असा युक्तिवाद केला जातो. दोन नावे वापरण्याच्या मालिकेतील प्रघातामुळे त्याला बळ मिळते. तात्त्विक दृष्ट्या मात्र तो फार दुबळा आहे. जॉन लॉक याने आपल्या मानवी आकलनविषयक ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या एकत्वाची चर्चा समाविष्ट केली. तिच्यातील मर्म असे, की व्यक्तीचे एकत्व आत्मद्रव्याच्या एकत्वावर अवलंबून नसून जाणिवेच्या सातत्यावर अवलंबून असते, आणि दंडाची न्याय्यता याच सातत्यावर उभी असते. ही कसोटी येथे लावली तर निर्णय स्पष्ट आहे. एंजलला प्रत्येक बळी आठवतो, आणि आपण ते केले असे आठवतो. आत्मा बदलला आहे, स्मृती अखंड आहे. ज्याला आपण केलेली हत्या आपली म्हणून आठवते, त्याच्या वतीने ‘हा तो नव्हेच’ असे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला कोठून मिळतो?

मालिकाच हा बचाव मोडून काढते. दुसऱ्या पर्वात डिसेंबर २००० मध्ये प्रक्षेपित झालेल्या एका भागात, वुल्फ्रम अँड हार्ट या आसुरी विधिसंस्थेचे वकील मद्याच्या तळघरात डार्ला व ड्रुसिला यांच्या तावडीत सापडतात. एंजल तेथे पोहोचतो, परिस्थिती पाहतो, आणि बाहेरून दार लावून निघून जातो. आत हत्याकांड घडते. या वेळी त्याचा आत्मा शाबूत आहे. म्हणजे आत्मा ही सदाचाराची हमी नाही आणि आत्म्याचा अभाव हे दुराचाराचे पूर्ण स्पष्टीकरणही नाही. या प्रसंगाचा ‘तात्पुरते स्खलन’ असा उल्लेख करून पुढे जाणारी समीक्षा संहितेपेक्षा आपल्या आलेखाची अधिक काळजी घेते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आत्मा परत मिळणे हे मुळात वरदान नव्हते. ज्या मुलीला एंजेलसने मारले तिच्या आप्तांनी दिलेली ती शिक्षा होती. त्याने आपली कृत्ये आठवत राहावीत आणि त्याला कधीही स्वास्थ्य लाभू नये, या हेतूने त्यांनी आत्मा त्याच्यावर लादला. सुखाच्या क्षणाची अट याच हेतूशी सुसंगत आहे. तेव्हा या कथेत आत्मा म्हणजे बळींच्या बाजूने दिला गेलेला एकमेव निवाडा होय. उद्धारवादी समीक्षा हा निवाडा उचलते आणि नायकाच्या सद्गुणांच्या खात्यावर जमा करते. दंड म्हणून दिलेली वस्तू ज्याला दंड झाला त्याच्याच निर्दोषत्वाचा पुरावा ठरते. हा उलटफेर ध्यानात न येणे ही साधी अनवधानाची चूक नाही. आपल्या सहानुभूतीचे केंद्र आधीच ठरवून वाचल्याचा तो परिणाम आहे.

मराठीत या विषयाची चर्चा करताना शब्दांचाही घोटाळा होतो. ‘उद्धार’ या शब्दात वर काढणारा हात दुसऱ्याचा असतो. ‘प्रायश्चित्त’ हे धर्मशास्त्राने दोषाच्या मानाने नेमून दिलेले कृत्य असते आणि ते पार पडले की संपते. ‘मुक्ती’ला तर गुन्ह्याची गरजही नाही. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी हे शब्द योजले जातात तिच्या लॅटिन मुळात पुन्हा विकत घेण्याचा, म्हणजे गहाण सोडवण्याचा अर्थ आहे. गहाण सोडवावयाचे तर सावकार हवा. एंजलचे सावकार मेलेले आहेत. हा पेच मराठी प्रतिशब्दांत आपोआप विरघळून जातो, आणि म्हणूनच वाल्या कोळ्याचे उदाहरण अशा प्रसंगी चटकन पुढे केले जाते.

ते उदाहरण काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. लोककथेतील वाल्या प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकतो आणि रांजणामागून रांजण भरतात. त्याचा वाल्मीकी झाल्यावर त्या खड्यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. ज्यांच्या नावाचे ते खडे होते त्यांना कथेत नाव नाही. बौद्ध परंपरेतील अंगुलिमालाची कथा या बाबतीत अधिक कठोर आहे. मज्झिम निकायातील सुत्तानुसार भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेसाठी नगरात जातो तेव्हा लोकांच्या ढेकळा-दगडांचा मार त्याला बसतो. तो डोके फुटून, रक्तबंबाळ होऊन परततो, आणि हे सोसण्यास बुद्ध त्याला सांगतात. परिवर्तन खरे आहे, अर्हत्पदही खरे आहे. तरी नगराची स्मृती त्यामुळे पुसली जात नाही. ‘एंजल’ची तुलना करावयाचीच असेल तर ती या दुसऱ्या कथेशी करावी.

उद्धाराची धार्मिक कल्पना नाकारणारा एक दुसरा पक्ष आहे व तो अधिक बुद्धिमान आहे. दुसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात, २००१ च्या आरंभी, एंजल अशा निष्कर्षाला येतो की विश्वात कोणतीही अंतिम योजना नसेल तर माणसाच्या छोट्या कृतीलाच सर्व मोल आहे, आणि दुसऱ्याचे दुःख कमी करणे हे स्वयमेव पुरेसे प्रयोजन आहे. या भूमिकेत अस्तित्ववादाचा स्वीकार पाहणारे समीक्षक पारितोषिकाच्या मोहातून नायकाला सोडवतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांचे उत्तर भविष्यापुरतेच आहे. कृती ज्यांच्यासाठी होते ते लॉस एंजेलिसमधील अनोळखी लोक आहेत. ज्यांचे देणे आहे ते गॉलवे, यॉर्क आणि लंडन येथे पुरले गेले आहेत. एकाचे ऋण दुसऱ्याला फेडता येते काय, हा प्रश्न ही भूमिका विचारीतच नाही. हॅना अरेण्ट हिने १९५८ च्या मानवी कृतिविषयक ग्रंथात दाखवून दिले आहे, की क्षमा ही माणसामाणसांतील घटना आहे आणि कोणालाही स्वतःलाच क्षमा करता येत नाही. हे खरे असेल तर हजारो अनोळखी जीव वाचवूनही एंजलची मूळ स्थिती बदलत नाही. ती बदलली असे मानण्याची गरज प्रेक्षकाला असते.

मालिकेने ही गोष्ट ओळखली होती याचा पुरावा म्हणजे डॅनियल होल्ट्झ. अठराव्या शतकातील या पिशाचशिकाऱ्याची पत्नी आणि तान्हे मूल एंजेलस व डार्ला यांनी मारले; मुलीला रक्तपिशाच करून मागे ठेवले, आणि तिला सूर्यप्रकाशात ढकलण्याची वेळ पित्यावरच आली. तिसऱ्या पर्वात, २००१ साली, तो काळ ओलांडून वर्तमानात आणला जातो. आता एंजलला आत्मा आहे हे कळल्यावरही त्याचा निश्चय ढळत नाही, आणि या न ढळण्यात तर्कदोष नाही. त्याच्या दृष्टीने ती घटना काल घडली आहे. पश्चात्तापाची शंभर वर्षे एंजलने जगली. होल्ट्झने ती जगलेली नाहीत. नायकाच्या पश्चात्तापाला प्रथमच समोर उभा राहणारा धनको येथे भेटतो.

पण याच ठिकाणी मालिका कचरते, आणि तिच्यावरील खरा आक्षेप येथे घ्यावयास हवा. होल्ट्झला न्याय मागणारा म्हणून फार काळ टिकू दिले जात नाही. तो एंजलचा मुलगा पळवतो, त्याला आपल्या द्वेषात वाढवतो, आणि शेवटी स्वतःच्या मृत्यूचा आळ एंजलवर यावा अशी व्यवस्था करून मरतो. बळी खलनायक झाला की त्याच्या मागणीचे उत्तर देण्याची जबाबदारी संपते. ड्रुसिलाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिचे सारे कुटुंब मारून, तिला वेडी करून, मठातील व्रतग्रहणाच्या दिवशीच एंजेलसने तिला रक्तपिशाच केले. एंजल आपल्या सर्वांत घोर कृत्यांत तिची गणना करतो. परंतु आत्मा असलेला एंजल दुसऱ्या पर्वात तिच्या बाबतीत करतो काय? डार्लासह तिला आग लावतो. स्वतः घडवलेल्या राक्षसिणीला राक्षसीण म्हणून जाळणे यातील भीषण विसंगती मालिकेने क्षणभर दाखवली. समीक्षेने तर तिची दखलही नीट घेतली नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की ही अद्भुतकथा आहे; रक्तपिशाच हे रूपक असून त्याला न्यायालयीन कसोट्या लावणे अरसिकपणाचे आहे. या आक्षेपाला मालिकेतूनच उत्तर मिळते. फेथ ही तरुणी पिशाच नाही, माणूस आहे, आणि तिच्या हातून माणसे मेलेली आहेत. मे २००० मधील भागाच्या अखेरीस ती लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे जाऊन कबुली देते आणि तुरुंगात जाते. तिला मार्ग दाखवणारा एंजल मात्र कोणत्याही न्यायासनासमोर उभा राहू शकत नाही. त्याचे गुन्हे ज्या न्यायालयांच्या कक्षेत होते ती न्यायालयेच उरलेली नाहीत. अद्भुताच्या योजनेने साधले आहे ते हे : कायदा, साक्षीदार आणि दंड ही सर्व साधने काढून घेतल्यावर अपराध्याजवळ काय उरते, याची परीक्षा. रूपक मानले तर ही परीक्षा अधिकच कठोर होते. स्वतःच्या गुन्ह्यांचे न्यायालय लाभले नाही अशा माणसांची उदाहरणे विसाव्या शतकाने अद्भुताच्या बाहेर पुष्कळ दिली आहेत.

पहिल्या पर्वाच्या शेवटी, मे २००० मध्ये, शानशू भविष्यवाणी येते : आत्मा असलेला रक्तपिशाच आपले विहित कार्य संपल्यावर पुन्हा माणूस होईल. उद्धारवादी आलेखाचा हा कळसबिंदू. परंतु १९ मे २००४ च्या अंतिम भागात एंजल त्या भविष्यवाणीवरील आपला हक्क सही करून सोडतो. या त्यागालाच ‘खरा उद्धार’ म्हणण्याची हातचलाखी अनेकांनी केली आहे. पारितोषिक नाकारले म्हणून पारितोषिक दिले, असा तो प्रकार आहे. त्याच अंतिम टप्प्यात तो निरपराध ड्रोगिनचा जीव घेतो आणि लिंडसीला विश्वासाने कामगिरीवर पाठवून त्याची हत्या करवितो, हे या आलेखात कोठे बसते? मालिका पावसातल्या एका गल्लीत, लढाई सुरू होत असतानाच थांबते. फेब्रुवारी २००४ मध्ये वाहिनीने तिचे प्रक्षेपण पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर केला होता, हे खरे. तथापि व्यावसायिक कारणाने आलेला शेवट अर्थाच्या दृष्टीने उसना ठरत नाही. हिशेब पुरा होत नाही, आणि तो पुरा होण्याची वाट न पाहता काम करावे लागते, इतकेच त्या गल्लीत सांगितले जाते.

यात क्षमा नाही, मुक्तीही नाही. रोमानी टोळीने दिलेली शिक्षा चालू आहे आणि ती चालू राहणे हेच बळींना मिळालेले एकमेव मानपत्र आहे. नायकाला त्या शिक्षेतून सोडवण्याची घाई समीक्षकाने करू नये. त्याचे काम रांजणातील खड्यांना नावे विचारण्याचे आहे; संहितेने ती सांगितली असतील तर नोंदवण्याचे, आणि गाळली असतील तर त्या गाळलेल्या जागेवर बोट ठेवण्याचे.