भाजी न खाणारे मूल

‘मूल भाजीला शिवत नाही, भूक वाढविणारे औषध द्या,’ ही मागणी जयसिंगपुरात आमच्यापुढे वारंवार येते. तीही शिरोळ तालुक्याचे मळे दाराशी असताना! दोन जेवणांमधील बिस्किटांनी अग्नी मंदावला, तर भाजी रुचणार कशी? शाकवर्गाविषयी आपले ग्रंथही सावधच आहेत. पालेभाजी उकडून, पाणी पिळून, भरपूर स्नेहासह घेतल्यास ती फारशी दोषकर होत नाही, असे वाग्भट सांगतात. तेव्हा कच्च्या पाल्याचा आग्रह सोडून तुपातील तांदुळजा, ताकातील चाकवत द्यावा. सात्म्य सवयीने येते. नवी चव ८-१० वेळा तरी, धाक न दाखविता, घासभर पुढे ठेवावी. पहिल्याच भेटीत पाचक लिहून देण्याची आपल्यातील काहींची प्रथा आम्हांस मान्य नाही.