खारपाणपट्ट्यातली पडून राहिलेली गाडी

वर्ष-दोन वर्षे गोठ्यात किंवा ओसरीत उभी राहिलेली मोटारसायकल रोज चालून झिजलेल्या गाडीसारखी बिघडत नाही. चालत्या गाडीत धातू धातूवर घासतो. उभ्या गाडीला गंज, सुकलेले पेट्रोल, कडक झालेले रबर आणि उंदीर खातात. संग्रामपूर तालुक्यात त्यात मिठाची भर पडते. सोनाळा-टुनकीकडचा भाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेकडे जमीन पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात उतरते आणि हातपंपाचे पाणी खारट लागते. त्या पाण्याने धुऊन उभी केलेली गाडी वरून चकचकीत दिसली, तरी स्पोकच्या मुळाशी, सायलेन्सरच्या बेंडखाली आणि वायरिंगच्या कपलरमध्ये क्षार धरून असते. म्हणून मीटरवरचे किलोमीटर वाचण्याआधी गाडी कोणत्या गावची आणि कोणत्या पाण्याने धुतलेली, एवढे विचारलेले बरे.

अशी गाडी दारात आली की पहिली किक मारण्याचा मोह होतो आणि बरेच नुकसान त्या किकनेच होते. बोरमध्ये गंजाचा पातळ थर असेल किंवा रिंगा चिकटल्या असतील, तर पिस्टन जोराने हलताच बोरला ओरखडे पडतात. आधी प्लग काढावा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळू फिरवावे. चाक अडले तर पुन्हा ऑइल सोडून थांबावे. जोर लावू नये.

इंजिन मोकळे झाल्यावर कॉम्प्रेशन कमी लागले, की ‘हाफ इंजिन’चा निर्णय फार लवकर होतो. त्यापूर्वीची चाचणी पाच मिनिटांची आहे. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन पाहायचे. ते वाढले तर दोष रिंग किंवा बोरचा. वाढले नाही तर व्हॉल्व सीटवर गंज-कार्बन बसलेला असतो किंवा टॅपेट घट्ट झालेले असते, आणि तिथे सिलिंडर लेथवाल्याकडे नेण्याचे कारणच उरत नाही. रिंगांचा दोष निघाला तरी त्या नुसत्या चिकटलेल्या असू शकतात. नव्या ऑइलवर गाडी थोडी चालल्यावर त्या अनेकदा सुटतात. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचा बोर ५० मिलिमीटरचा आहे. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने १ मिलिमीटरपर्यंत जातात, म्हणजे सिलिंडरला जेमतेम चार संधी मिळतात. निदानाच्या घाईत त्यातली एक खर्च करणे हे ग्राहकाच्या पैशाइतकेच गाडीच्या आयुष्याचेही नुकसान आहे.

आरएक्स १०० किंवा राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना घाईने न उघडण्याचा हा हिशेब लागू नाही. त्यांच्या क्रँककेसमध्ये ऑइल साठून राहत नाही. पेट्रोलबरोबर येणारे तेल ओघळून गेले की क्रँकचे बेअरिंग दमट हवेत उघडे पडते. वर्षानुवर्षे उभी असलेली टू-स्ट्रोक खरखर आवाज करत असेल, तर ती चालवून पाहण्यापेक्षा उघडणेच शहाणपणाचे.

पुरातून निघालेल्या गाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै २०२३ च्या पुरात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्यात गेली होती. त्या किंवा पुढच्या एखाद्या पुरात बुडालेली गाडी जुन्या बाजारात येते, तेव्हा पुराचा उल्लेख कोणी करत नाही. हेडलाइटच्या काचेमागे आणि साइड कव्हरच्या आत वाळलेला गाळ मात्र ते सांगून जातो. अशा गाडीचे ऑइल दुधाळ चहासारखे निघाले तर ते काढून साधे ऑइल भरावे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून पुन्हा काढावे आणि रंग स्वच्छ येईपर्यंत हे करावे. क्लच कव्हर उघडून ऑइलची जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर धुतल्याखेरीज हे काम पुरे होत नाही. काळ्या मातीचा गाळ ओल सोडत नाही. मॅग्नेट कव्हर, ब्रेक ड्रम आणि चाकांची बेअरिंगे त्यामुळे उघडावीच लागतात.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखे होते आणि सर्वात आधी पायलट जेट बुजते. गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, ही त्याची खूण. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवा पुरते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांत आणखी एक काम वाढले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुने रबर फुगवते, त्यामुळे पेट्रोल पाइप आणि फ्लोटच्या निडलचे टोक तपासून बदलावे. टाकीतला गंज काढल्यावर ती खाऱ्या पाण्याने खळबळली तर नवा गंज लगेच धरतो. शेवटचा हात डिझेलचाच हवा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत फ्युएल पंप आणि इंजेक्टर असतो. तिथे टाकीतला गंजाचा कण जेटपेक्षा कितीतरी महाग पडतो.

विजेची बाजू थोडक्यात संपते: उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, हिरवे पडलेले कपलर आणि मेलेली बॅटरी. बॅटरीत हातपंपाचे पाणी घालण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यातले क्लोराइड प्लेटा खाते.

गाडी सुरू झाली की ग्राहक खिशात हात घालतो. ब्रेकचे नाव काढले की तो हात थबकतो. तरीही ड्रम उघडल्याशिवाय गाडी देऊ नये. कॅम गंजून जाम झालेला असतो, लायनर शूपासून सुटलेले असते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी कडेचे चार अंक वाचावेत. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा, आणि विदर्भाच्या उन्हात एवढ्या वर्षांनी ते रबर तडकलेले असते.

कागद शेवटी नव्हे, खर्चाचा अंदाज देण्यापूर्वी पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५ वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरील दुचाकीसाठी ऑगस्ट २०२५ पासून त्याचे शुल्क २,००० रुपये झाले आहे. जुन्या सीडी १०० च्या मालकाला हा आकडा आधीच सांगितलेला बरा. हॅण्डलखालच्या फ्रेमच्या नळीवरचा चेसिस नंबर खारपाणपट्ट्यात लवकर गंजतो. तिथे ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावला तर नंबरच पुसला जातो आणि नूतनीकरण अडते. तेलाचा बोळा लावून हलक्या हाताने स्वच्छ करावा.

दुरुस्त झालेली गाडी पाचशे किलोमीटरनंतर परत बोलवावी: ऑइल बदल, स्पोकचा ताण, चेन, टॅपेट. धुण्यासाठी वान धरणाचे नळाचे पाणी मिळत असेल तर तेच वापरायला सांगावे. नसेल तर ओल्या फडक्याने पुसून चेनला ऑइल द्यायला.