कानाची साक्ष

आमच्या हातून घडलेला एक अन्याय प्रथम सांगतों. मोठ्या दगडी दालनांत वर्ग चालू होता व आम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत होतों. इतक्यांत मागून शीळ आली. आम्हीं वळून खिडकीजवळच्या मुलास बांकावर उभें केलें. शीळ दुसऱ्याच कोपऱ्यांतल्या मुलानें घातली होती. सायंकाळीं त्यानेंच येऊन तसें सांगितलें. 'आम्हीं स्वतः ऐकलें' या भरंवशावर आम्हीं न्याय केला होता !

तो भरंवसा कितपत रास्त होता? ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. अगदीं एका बाजूनें आलेला आवाजहि दूरच्या कानास सेकंदाच्या सुमारें १,५०० व्या भागाइतकाच उशिरां पोंचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ताडतो. उंच स्वरास शिवाय डोक्याचा आडोसा होऊन तो दूरच्या कानीं मंद पडतो. या दोन खुणांचें विवेचन लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं केलें. परंतु नेमका समोरचा व नेमका पाठीमागचा आवाज दोन्ही कानांस एकदमच पोंचतो. तेथें मान हालविल्यावांचून उलगडा होणें कठीण, आणि शीळ तर तोंवर संपलेली असते.

बंद खोलींत आणखी घोटाळा आहे. भिंती, छत, फरशी यांवरून तोच आवाज परतून येतो. मेंदू प्रथम आलेल्यास मान देतो, म्हणून टाळीची दिशा बहुधा बिनचूक कळते. हळूच चढत जाणाऱ्या शिळेस मात्र तशी ठळक सुरुवात नसते. अनेक मायक्रोफोन ओळीनें मांडून दिशा काढणारीं यंत्रें आज सभागृहांत आहेत. प्रतिध्वनि त्यांसहि चकवितात. मग शिक्षकाच्या दोन कानांवर एखाद्याची शिक्षा कशी ठरवावी? आमच्या मतें ठरवूं नये.

आणि ज्यास एकाच कानानें ऐकूं येतें, त्याचें काय? त्यास तुलना करावयास दुसरा कानच नाहीं. हांक मारली कीं तो भलतीकडे पाहतो. सोबती हंसतात, आम्ही शिक्षक त्यास बेफिकीर म्हणतों. पालकहो, आंधळी कोशिंबीर खेळतांना आपला मुलगा वा मुलगी वारंवार एकाच बाजूस चुकते काय, हें पाहावें. तसें दिसल्यास कानाच्या डॉक्टरांस दाखवावें, आणि कोणता कान चांगला आहे तें जूनमध्यें, जागा ठरण्यापूर्वींच, वर्गशिक्षकांस चिठ्ठीनें कळवावें.